सेव्ह केली तिथे

सुफियान फोनवर विचारतो, "सेव्ह कुठे केलीस, ताई?"
मी म्हणते, "केली तिथे."
"तिथे म्हणजे?"
तिथे म्हणजे तिथेच. मेल उघडली, यादी उघडली,
दर दोन ओळींनी कंट्रोल एस दाबलं,
रात्री कडी लावल्यावर परत एकदा हात लावून बघतात तसं.

हर्णैची मच्छीमार सोसायटी, वरचा मजला.
खाली बर्फाचं मशीन चालू झालं
की मॉनिटरवरचा गणपतीचा स्टिकर थरथरतो.
डिझेल परताव्याची यादी, एकशे त्र्याऐंशी बोटी,
नावं तपासून आज पाचपर्यंत पाठवा, असं रत्नागिरीहून.
बावीस इंजिनांचे नंबर चुकलेले,
'धनलाभ'चं कुणीतरी 'धनलोभ' केलेलं,
ते मी हसत सुधारलं.

एकशे सोळावी ओळ
चहा येईपर्यंत ठेवून दिली होती.
हसुराम अंबाजी दोरकुळकर.
नावाआधी एक अक्षर आणि एक टिंब घालायचं होतं.
घातलं. कै.
पुढच्या रकान्यात वारस, चांगुणा हसुराम.
अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.
बंद करताना कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं,
मी हो म्हटलं. मी नेहमी हो म्हणते.

चार वीसला पाठवायला म्हणून मेलमधून पुन्हा उघडली
तर सगळं सकाळसारखं.
धनलोभ परत पाण्यात,
बावीस इंजिनं जुन्या नंबरांची,
आणि हसुराम जिवंत,
परतावा बाकी, सही बाकी.
खाली बाकावर चांगुणा बसलेली,
मांडीवर सोड्यांची पिशवी,
नाव लागलं का एवढंच विचारायला आलेली.
मी खिडकीतून मागे सरले.

"मेलमधनं थेट उघडलीस ना?
मग तू झेरॉक्सवर लिहिलंस.
मूळ कागद मेलनं हातातनं सोडलाच नाही."
दापोलीत त्याचं दुकान झेरॉक्सचंच,
त्याला जगात दुसरी उपमा नाही.
"आता परत उघड. काही लिहू नको. सेव्ह ॲज दाब.
वर पत्ता दिसेल, तो वाच."

मी वाचला. यूजर्स. सोसायटी. ॲपडेटा. लोकल.
एकात एक, एकात एक,
आणि शेवटी आठ अक्षरं,
कीबोर्डवरून मांजर गेल्यासारखी.
"ह्या फोल्डरला यायला रस्ता दिसत नाही," सुफियान म्हणाला,
"लपवलेला असतो. पत्ता चिकटव, उघडेल."

उघडला.
यादी. यादी कंसात एक. यादी कंसात दोन.
पहिलीतच होतं सगळं, एकशे सोळावी ओळसुद्धा.
ते अक्षर दिसलं आणि मला बरं वाटलं.
मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

त्याखाली इतर बरंच पडलं होतं,
बर्फाची बिलं, सभेची नोटीस,
आणि तळाशी, वादळाच्या वर्षाची,
'नुकसान पंचनामा कंसात चार'.
नेवरेकरभाऊंचा.
माझ्या आधी ह्याच खुर्चीत ते अकरा वर्षं.
एकेचाळीस घरांचे पत्रे त्यांनी मोजून भरले होते,
वर गेली ती मात्र कोरी यादी,
आणि सभेत चेअरमन सगळ्यांसमोर बोलले,
नेवरेकर कामं न करता केली म्हणतात.
ते म्हणत राहिले, केलं होतं.
निरोपाच्या नारळालासुद्धा हात न लावता म्हणाले, केलं होतं.

इथे आहेत एकेचाळीस घरं.
कौलं वेगळी, पत्रे वेगळे,
एका रकान्यात 'माड पडून भिंत' असंही.

चार पंचावन्नला यादी गेली,
ह्या वेळी आधी डेस्कटॉपवर ठेवून, नाव बदलून,
उघडून, डोळ्यांनी बघून.
खाली जाऊन चांगुणाला सांगितलं, लागलं.
ती म्हणाली, "माझा?"
मी म्हटलं, "तुझं. आणि त्यांचंही, नीट."
सोडे ठेवून गेली, नको म्हणायला जमलं नाही.

मग वर येऊन पालगडला फोन लावला.
बराच वेळ वाजला. उचलला.
"भाऊ, सापडला."
पलीकडे टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.
काय, असं त्यांनी विचारलंच नाही.
"कुठे?"
"केला होतात तिथे."